चौऱ्याऐंशी लाखांतून एक वगळून

॥ श्री ॥

मु. जुन्नर, भाद्रपद वद्य एकादशी, शके १८३२

राजमान्य राजश्री मेहुणे दलीचंदजी, मुक्काम घोडेगाव, यांस फतेचंदाचा दोन्ही हात जोडून जयजिनेंद्र. (हात रिवाजापुरते जोडले आहेत. आवळलेल्या मुठी जोडता येत नाहीत म्हणून तेवढ्यापुरत्या सोडल्या.) आपला दमा कसा आहे? आमच्या पानबाईची कंबर कशी आहे? भाद्रपदाची हवा दमट, दोघांनीही जपावं. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे घरातली माणसं हिंडतीफिरती आहेत, पाऊसपाणी बरं आहे, आणि दुकान सकाळी उघडतं व दिवस मावळायच्या आत मिटतं. मधल्या वेळात गिऱ्हाईकही येऊन जातं, पण कोण आलं आणि काय घेऊन गेलं हे मला विचारू नये. परवा एका बाईने लुगडं मागितलं आणि मी तिला मांजरपाट फाडून दिला. तिनेही तो मुकाट्याने नेला, कारण तिचंही लक्ष ठिकाणावर नव्हतं. ती आमच्याच पेठेतली.

दरसाल संवत्सरीचं प्रतिक्रमण आटोपलं की दुसऱ्या दिवशी मी सगळ्या सग्यासोयऱ्यांना खमतखामणाची पत्रं घालतो, हे आपण जाणताच. मिच्छामि दुक्कडं, म्हणजे वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी, एवढाच मजकूर. यंदाही मी चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या झाडून सगळ्या जिवांची क्षमा मागितली. गादीतल्या ढेकणांची मागितली. कापड कुरतडणाऱ्या उंदरांची मागितली (खरं म्हणजे ती त्यांनी मागायला हवी होती). आमचा चुलतभाऊ खेमचंद, ज्याच्याशी बारा वर्षं बोलणं नाही, त्याच्याही दारात जाऊन मागून आलो, आणि तो 'बरं' म्हणाला. आपलं पत्र मात्र राहिलं. तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा 'क्षमा' या शब्दापाशी हात अडला. म्हणून हे पत्र तीन आठवडे उशिरा येत आहे, आणि क्षमेचं असूनही त्यात क्षमा कुठे आहे ते शोधावं लागेल. कारण दलीचंदजी, आमची बहीण तुम्ही नेलीत तेव्हा आम्ही चकार शब्द काढला नाही. वरात वेशीपर्यंत पोचवली, बैलांना झुली घातल्या, वर तुमच्या काकांचे टोमणे ऐकून घेतले. पण वस्ताद? वस्ताद न्यायचं काय कारण होतं? (इथून पुढे 'आपण' सोडून 'तुम्ही' लिहितो. राग आला की 'आपण' माझ्याने पेलवत नाही.)

तुम्ही काय नेलंत हे तुम्हाला कळलेलं नाही, म्हणून लिहितो. दिलावर वस्ताद आमच्या पेठेच्या तालमीत एकोणीस वर्षं होते. घराणं कागद्यांचं. गिरणीचा कागद आल्यापासून त्या धंद्याला उतरती कळा लागली, तरी दिवसा अजूनही थोडा हातकागद करत, आणि पहाट व संध्याकाळ तालमीची. पहाटे उठून मारुतीला दिवा लावायचा, मग हौद्यातली तांबडी माती पायाने चाळवायची, ताक-तेल-हळद बेताने आहे की नाही ते चिमूट हुंगून बघायचं आणि मगच पोरांना आत घ्यायचं. एकोणीस वर्षांत या क्रमात फरक नाही. हौद्याच्या कडेला जो दगडी कट्टा आहे त्यावर आम्ही पेठेतली मंडळी बसतो. पोरांना शिकवायचं काम वस्तादांचं आणि वस्तादांना शिकवायचं काम आमचं, अशी वाटणी होती. मी स्वतः आयुष्यात हौद्यात उतरलेलो नाही. मातीत सूक्ष्म जीव असतात, आपल्या वजनाने त्यांची हिंसा होईल, असं मी सांगत आलो आहे. (लोकांनी ते मान्य केलं आहे, विशेषतः वजनाबद्दलचा भाग.) परंतु कोणता डाव कधी, कुठे ढाक लावायची आणि कुठे कलाजंग टाकायचा, हे मला कट्ट्यावरून जितकं स्पष्ट दिसतं तितकं आतल्या माणसाला दिसत नाही. मी वरून ओरडून सांगे. वस्ताद मान वर न करता म्हणत, “व्हय शेठ.” आणि त्यांना करायचं तेच करत. एकोणीस वर्षं मी त्याला ऐकणं समजत होतो.

आता ओतूरचं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ओतूरच्या यात्रेत आमच्या सावळेरामाची कुस्ती ठरली होती. सावळेराम म्हणजे वस्तादांचा पट्ठा. दारातून आडवा होऊन आत येतो आणि बोलतो मात्र नव्या सुनेसारखं, खाली बघून. सलग चार वर्षं ओतूर मारून आलेला गडी. कुस्तीला निघताना हातावर चमचाभर शकुनाचं दही ठेवायचं, तेही फक्त बायडाबाईच्या घरचं, अशी वस्तादांची शिस्त. बायडाबाईची म्हैस यशाची, असं सगळी पेठ मानते. त्या दह्याखेरीज कुस्ती होईपर्यंत पोटात काही जाऊ द्यायचं नाही. आदल्या दिवशी वस्ताद पेठेत घरोघर हात जोडून सांगत फिरले, की शकुन एकाच घरचा, बाकीच्यांनी नुसता आशीर्वाद द्यावा. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. (आमच्या घरून थोडी लापशी गेली. पण आमच्यात शुभकार्याला लापशी करतातच, ती काही शकुनात धरत नाहीत.) समोरचा गडी निमगाव सावाचा, नवखा. त्याचं नाव विचारायचं आमच्यापैकी कोणाला सुचलंही नव्हतं. आता ते पेठेतल्या पाळण्यातल्या पोराला ठाऊक आहे, पण मी ते लिहिणार नाही.

तुम्ही ओतुरात हजर होतात, तेव्हा वर्णन नको. तरी लिहितो, कारण ते माझ्या डोळ्यापुढून हलत नाही. सावळेराम एरवी हौद्यात उडी मारतो. त्या दिवशी तो उतरला, एकेक पाय टाकत, ओली बाळंतीण पायरी उतरते तसा. मांडी ठोकली, थांबला, आणि ढेकर दिला. तो ढेकर देवळाच्या पायरीवर बसलेल्या माणसांनीही ऐकला. निमगावच्या गड्याने पट काढायला वाकून त्याच्या पोटात डोकं घातलं मात्र, आमचा गडी आपणहून खाली बसला आणि मग सावकाश मागे कलंडला. मी पागोटं सारखं करायला हात वर नेला होता, तो खाली आणेपर्यंत कुस्ती संपली. त्यानंतर बैलगाडीतून जुन्नरला निघालो. मधूनमधून सावळेराम गाडी थांबवून शेतात जाऊन येई, तेवढाच काय तो आवाज.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या मंडपात पेठेची बैठक बसली. चार शब्द बोलावेत असा मंडळींचा आग्रह पडला (आग्रह धर्माजी माळ्याने केला, आणि तो करायला मी त्याला सांगितलं होतं), तेव्हा मी चार शब्द बोललो. सकाळी बोलायला उभा राहिलो तो जेवणाची वेळ टळून गेल्यावर बसलो. वस्तादांचं वय झालं, डाव जुने झाले, नव्या जमान्यात नवी कसरत हवी, असं मी साधार दाखवून दिलं. आणि मुख्य मुद्दा हा मांडला, की अशा ऐन कुस्तीच्या दिवशी गड्याला उपाशी ठेवतात का? उपाशी पोटी हत्तीसुद्धा बसेल. 'उपाशी' या शब्दावर मी चांगलाच जोर दिला, आणि प्रत्येक वेळी मंडपातल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम. सावळेराम खांबाशी उभा होता, तो काहीतरी बोलायला पुढे सरकला. वस्तादांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो पुन्हा खांबाला टेकला.

मग वस्ताद उठले. आमचा अंदाज असा, की ते चिडतील. दर दोन-तीन वर्षांनी असंच होत आलेलं आहे. आम्ही बोलावं, त्यांनी चिडून दोन दिवस तालमीकडे फिरकू नये, मग बायडाबाईने दह्याचं गाडगं आणि मी नवा रुमाल घेऊन समजूत काढायला जावं. रुमाल मी आधीच काढून ठेवला होता, चांगला जरीकाठी. पण वस्ताद चिडले नाहीत. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, “पोरगं माझं हाये. त्याची पाठ लागली ती माझीच लागली. पेठेला आमी नको असलो तर माझं काय म्हननं न्हाई.” एवढं बोलून मारुतीला हात लावून गेले. ते चिडलेच नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं बिघडलं. समजूत काढायची तर समोरच्याने रुसायला नको का? रुमाल तसाच राहिला. आणि आम्ही काय करावं याचा विचार करतो आहोत तोवर, म्हणजे अवघ्या आठ दिवसांत, घोडेगावाहून तुमचं बोलावणं. तुमच्या तालमीचे वस्ताद सहा महिन्यांमागे देवाघरी गेले, हे ठाऊक आहे. त्याबद्दल दुःख आहे. पण म्हणून शेजाऱ्याच्या घरात भांडण लागलं की लगेच त्याची चूल उचलून न्यायची, ही रीत कुठली? ओतुरात आमची मंडळी माना खाली घालून बसली होती आणि तुम्ही मला जिलबी खाणार का म्हणून विचारत होतात. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

वस्ताद जाणार हे कळल्यावर पेठेने जे काही केलं ते लिहायला लाज वाटते, म्हणून दुसऱ्यांनी केलेलं तेवढं लिहितो. धर्माजीने वस्ताद परत येईपर्यंत डोक्याला फेटा बांधणार नाही, अशी देवळात शपथ घेतली. त्यामुळे त्याला मुळीच केस नाहीत हे गुपित फुटलं, आणि दोन दिवसांत सर्दी झाली. आता तो उपरण्याने कान आणि टाळू गुंडाळून फिरतो आणि हा फेटा नव्हे असं भेटेल त्याला पटवून देतो. पेठेचे दोन तट पडले. एक तट म्हणे, गेला तर जाऊ दे, तालीम काय एका माणसावर चालते का. दुसरा तट म्हणे, वस्तादांचे पाय धरा. गंमत म्हणजे माणसं दोन्ही तटांत तीच होती. सकाळी एका तटात आणि संध्याकाळी दुसऱ्या. आणि पाय धरायला जायचं कोणी, यावर एकमत होईना. ज्याने सर्वांत जास्त बोलून घेतलं त्याने जावं, असं बायडाबाई म्हणाली. ती सगळ्यांच्या देखत माझ्याकडे बघून म्हणाली.

मी गेलो नाही. आणि तुमची दमणी त्यांना न्यायला आली ती नेमकी आमच्या क्षमापनेच्या दिवशी, ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. दरसाल त्या दिवशी मी सकाळीच तालमीत जाऊन वस्तादांपुढे हात जोडतो. कट्ट्यावरून वर्षभर जे ओरडलो त्याची क्षमा मागतो, ते हसून म्हणतात, “शेठ, आता उद्यापासून नवं खातं,” आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ओरडतो. यंदा मी दुकानाच्या दोन फळ्याच उघडून आत गाठोड्यांमागे बसलो होतो. आदल्या दिवशीच्या उपासाने अशक्तपणा आला होता, असं मी आमच्या सौभाग्यवती सज्जनबाईला सांगितलं. कोणी विचारलं तर मी नाही म्हणून सांग, हेही सांगितलं. थोड्या वेळाने दमणी दारात थांबली. वस्ताद ओट्यावर येऊन बसले आणि शेठ आहेत का म्हणून विचारू लागले. आमची सज्जनबाई आदल्याच रात्री वर्षभरातल्या खोट्या बोलण्याची क्षमा मागून आलेली. ती दाराआडून म्हणाली, “आहेत. पण नाहीत म्हणून सांगायला सांगितलंय.”

वस्ताद हसल्याचं मला ऐकू आलं. उठून गेले असते तर बरं झालं असतं. पण ते तिथेच बसून राहिले, आणि मग आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “शेठ, दरसाल तुमी येता. औंदा मी आलो. एकोनीस वर्सांत आमचं काय चुकलंमाकलं आसंल तर पोटात घाला.” ढेकणांची क्षमा मागितलेला मी माणूस, दलीचंदजी. उंदरांची मागितलेला. आणि गाठोड्यांमागून मला एक शब्द फुटला नाही. खाकरता आलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. फळीच्या फटीतून त्यांचा एक पाय दिसत होता, उजवा, जो गुडघ्यात दुखतो. तो बराच वेळ तिथे होता. मग नव्हता. बाहेर आलो तेव्हा ओट्यावर सुतळीने बांधलेला कागदाचा जुडगा होता. दरसाल दिवाळीला त्यांच्या हातचा कागद ते मला देतात. यंदा दिवाळीला ते इथे नसणार म्हणून आधीच देऊन गेले.

त्यानंतर आम्ही स्वस्थ बसलो असं समजू नका. चारच दिवसांत आम्ही पुण्याहून नवा वस्ताद आणला. त्याला वस्ताद म्हटलेलं आवडत नसे, तो स्वतःला प्रोफेसर म्हणवी. डोक्याला तेल, मिशांना मेण, आणि बरोबर एक पुरुषभर उंचीचा आरसा. (नव्या जमान्याची कसरत हवी असं बैठकीत ज्याने सांगितलं त्यानेच त्याला पत्र लिहून बोलावलं होतं. नाव महत्त्वाचं नाही.) आल्याबरोबर त्याने टेपेने सगळ्यांच्या छात्या मोजल्या, माझीही मोजली आणि टेप कमी पडली तेव्हा पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं. मग हौद्यावर सतरंजी घालायला लावली. कारण काय, तर माती अंगाला लागते. पोरांना आरशासमोर ओळीने उभं करून एक-दोन-तीन म्हणत श्वास घ्यायला शिकवू लागला. सावळेराम दोन दिवस आरशापुढे उभा राहिला, तिसऱ्या दिवशी म्हणाला की त्यातला गडी आपल्याकडे रागाने बघतो, आणि घरी निघून गेला. आठव्या दिवशी कोणीतरी सतरंजी उचलून प्रोफेसरांना मातीत उतरून एक कुस्ती करायची विनंती केली. बायडाबाईच्या थोरल्या लेकाशी, जो पैलवान नाही, नुसती म्हैस धरतो. त्या संध्याकाळी प्रोफेसर आरसा घेऊन पुण्याच्या रस्त्याला लागले. आरसा तेवढा शाबूत होता.

आणि मग खरा प्रकार उघडकीस आला. तोही तालमीत नव्हे, पाणवठ्यावर. बायडाबाई सहज बोलून गेली, की म्या शकुनाचं दही तांब्याभर दिलं व्हतं, औंदा कुस्ती मोठी म्हनून. त्यावर माळीण म्हणाली, आम्ही फक्त केळ्यांचं शिकरण, एवढं पातेलं. तेलीण म्हणाली, आमच्या घरचे तर चारच लाडू. मग एकेकीने सांगायला सुरुवात केली आणि सगळ्याजणी बोटांवर मोजत बसल्या. सतरा घरं झाली. प्रत्येक घराला वाटलं होतं, की मनाई बाकीच्या सोळांना आहे. शकुन नाकारणं अशुभ, त्यामुळे सावळेराम पेठेच्या एका टोकाहून निघाला तो दर उंबऱ्याशी थांबत, खाली बघून, जे हातावर ठेवतील ते खात वेशीपर्यंत गेला, आणि पुढे ओतूरपर्यंत खड्ड्यांचा रस्ता. सतरावं घर कोणाचं ते ऐका. वस्तादांच्याच घरच्या जैबुन्निसाबाईंचं. वस्ताद मारुतीला दिवा लावायला गेले तेवढ्यात त्यांनी वाटीभर दूधशेवया दिल्या. पोर एवढं लांब जातंय, म्हणून. सावळेरामाने हे सगळं वस्तादांना ओतुरातच सांगितलं होतं. मंडपात ते एक शब्द बोलले असते तर सतरा घरांची तोंडं तिथेच काळी झाली असती, आणि मी 'उपाशी' म्हणून ओरडत होतो. आता तुम्हाला कळलं असेल की माना का खाली जात होत्या.

पेठेची आता अशी अवस्था आहे, की कोणी कोणाच्या घरी काही खात नाही. तालमीला कुलूप नाही, पण आत कोणी पाऊल टाकत नाही. संध्याकाळी आम्ही सवयीने कट्ट्यावर जाऊन बसतो आणि रिकाम्या हौद्याकडे बघतो. परवा माझ्या तोंडून आपोआप निघालं, “अरे ढाक लाव.” कोणी हसलं नाही. 'व्हय शेठ' म्हणायलाही कोणी नव्हतं. मी उठून घरी आलो आणि हे पत्र लिहायला बसलो.

असो. तुम्ही केलंत ते चांगलं केलंत असं तुम्हाला वाटत असेल तर तुमचं समाधान तुम्हाला लखलाभ. आम्हाला तुमच्याकडून काही नको. आमची पेठ स्वाभिमानी आहे. वस्तादांवाचून आमचं काही एक अडलेलं नाही, आणि तसं त्यांनी विचारलंच तर खुशाल सांगावं. पानबाईला आशीर्वाद. दम्याला आल्याचा रस चालत नसेल (आपल्यात कंद वर्ज्य, हे वैद्याला माहीत नसतं), तर मिरी-पिंपळीचं चाटण घ्यावं. राग मनात ठेवू नये, तो सगळा मी इथे ठेवला आहे.

आपला, सोयरीक मोडता येत नाही म्हणून आपलाच,
फतेचंद

ता. क. : हे पत्र घेऊन येणारे गाडीवान गेणभाऊ यांच्याजवळ एक पिशवी दिली आहे. तीत खाण्याचं काही नाही, पानबाईने उघडू नये. आमच्या हौद्यातली माती आहे. वस्तादांचा उजवा गुडघा पावसाळ्यात धरतो, त्यावर ते हीच माती चोळतात. तुमच्या घोडेगावच्या मातीने उतार पडेल असं मला वाटत नाही. कोणी पाठवली ते सांगू नये. वास घेतल्यावर त्यांना कळेलच, पण आपण सांगू नये.

ता. क. २ : वस्ताद जन्मभर कागद करत आले, पण वाचायला शिकले नाहीत. तेव्हा हे पत्र त्यांना तुम्ही वाचून दाखवावं. त्यांच्याबद्दल जे वाईटसाईट लिहिलं आहे ते वगळू नये, नाहीतर पत्र माझं आहे हे त्यांना पटणार नाही. वर 'आमचं काही एक अडलेलं नाही' असं जे वाक्य आहे ते वाचताना मात्र तुम्हाला दम्याची उबळ आली तर हरकत नाही.

ता. क. ३ : हे सावकाश वाचावं. लापशी थोडी नव्हती. पहिली वाटी सज्जनबाईने दिली. दुसरी मी वाढली. तेव्हा सावळेरामाने वाटीवर हात धरला आणि म्हणाला, “वस्ताद नको म्हनल्यात.” सतरा घरांत तो एवढं एकाच ठिकाणी बोलला. मी त्याचा हात बाजूला केला आणि म्हणालो, “वस्तादांना काय कळतंय.” वर तूप ओतलं. हे सावळेरामाने कोणाला सांगितलेलं नाही, वस्तादांनाही नसेल. म्हणून मी सांगतो आहे. चौऱ्याऐंशी लाखांत एक जीव राहिला होता तो हा. मिच्छामि दुक्कडं, वस्ताद.

ता. क. ४ : दिवाळीसाठी म्हणून ओट्यावर ठेवून गेलेला कागद या पत्रात आणि याआधीच्या फाडलेल्या तीन पत्रांत संपला. हा शेवटचा ताव. दिवाळीला मला नवा लागेल, आणि तो दुसऱ्याच्या हातून घ्यायचा आमच्या घरात रिवाज नाही.